एका लॅपटॉपवर दोन सिस्टीम, खिशात तिसरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. जूनमध्ये कॉलेजं सुरू झाली की रोज एकतरी फोन ठरलेला : "दादा, काल उबुंटू टाकलं आणि आज विंडोज गेलं बघा." (उबुंटू म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, विंडोजसारखी दुसरी सिस्टीम.) विंडोज बहुतेक वेळा कुठंही गेलेलं नसतं. ते आपल्या जागीच असतं, फक्त मशीनला त्याच्याकडे जायची वाट सापडत नसते. पण फोन करायच्या आधीच निम्म्या लोकांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून फॉरमॅट मारलेला असतो, आणि मग मात्र खरंच सगळं जातं. म्हणून हे प्रश्न एकदा लिहून काढले.

कमांड फोनवर सांगतो तशाच देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या. फाइल-फोल्डरच्या वाटेतला स्वल्पविराम म्हणजे स्लॅश, कमांडमधला म्हणजे मोकळी जागा.

उबुंटू टाकल्यावर मशीन थेट उबुंटूतच जातं. विंडोजचं नावच दिसत नाही. डेटा गेला का?

नाही. आधी हे करून बघा : मशीन बंद करा, चालू करताना बूट मेनूची की दाबत राहा. डेल, लेनोव्हो आणि एसरला एफ१२, एचपीला एफ९, असूसच्या लॅपटॉपला एस्केप. (एसरच्या बऱ्याच मॉडेलमध्ये एफ१२ मेनू आधी बायोसमधून, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमधून, चालू करावा लागतो.) त्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' दिसला आणि निवडल्यावर विंडोज उघडलं, तर डेटा जागेवर आहे. चहा पिऊन या, मग पुढचं करू.

नाव न दिसण्याचं कारण साधं आहे. सुरुवातीचा मेनू दाखवणारा ग्रब पूर्वी डिस्कवरच्या बाकीच्या सिस्टीम स्वतः शोधायचा. २०२१ मध्ये आलेल्या २.०६ आवृत्तीपासून हा शोध सुरक्षेच्या कारणाने मुळात बंद ठेवलेला असतो. तो चालू करायला इटीसी, डिफॉल्ट, ग्रब या फाइलमध्ये 'ग्रब अंडरस्कोर डिसेबल अंडरस्कोर ओएस अंडरस्कोर प्रोबर' ही ओळ घालायची, तिची किंमत 'फॉल्स' ठेवायची आणि 'सुडो अपडेट-ग्रब' चालवायचं. अपडेट होताना टर्मिनलमध्ये विंडोज सापडल्याची ओळ आली की काम झालं.

ती ओळ आलीच नाही, तर एक शक्यता तपासा. विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलंय आणि लिनक्स नव्या यूईएफआय पद्धतीने (मशीन सुरू व्हायच्या या दोन पद्धती), असं झालं असेल तर एकाच मेनूतून दोन्ही उघडत नाहीत. विंडोजमध्ये 'एमएसइन्फो३२' उघडा, 'बायोस मोड'समोर काय लिहिलंय ते बघा. लिनक्समध्ये सिस, फर्मवेअर या फोल्डरात 'ईएफआय' नावाचं फोल्डर असेल तर तुम्ही यूईएफआयमध्ये आहात. दोन्हीकडे एकच पद्धत हवी.

उबुंटू नको म्हणून विंडोजमधून त्याचं पार्टिशन उडवलं. आता काळा पडदा आणि त्यावर नुसतं 'ग्रब' लिहिलेलं येतं.

घर पाडलं, पण दारावरची पाटी तशीच राहिली. ग्रबचा पहिला तुकडा वेगळ्या ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या एका छोट्या वेगळ्या भागात असतो, तो अजून चालतोय आणि उरलेलं सामान शोधतोय. यूईएफआय मशीनवर त्या काळ्या पडद्यावर 'एक्झिट' टाइप करून एंटर मारा. बरेचदा मशीन यादीतल्या पुढच्या नावावर, म्हणजे विंडोजवर जातं. नाही गेलं तर वर सांगितलेला बूट मेनू आहेच. मग बायोसमध्ये जाऊन विंडोज बूट मॅनेजर पहिल्या नंबरवर ठेवा.

पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' असेल आणि मशीन जुनं, लेगसी पद्धतीचं असेल, तर विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून दुरुस्तीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये जायचं आणि 'बूटरेक, स्लॅश फिक्सएमबीआर' द्यायचं. पाच मिनिटांचं काम आहे. यासाठी कुणी नवीन हार्डडिस्क घ्यायला सांगत असेल तर लॅपटॉप उचलून दुसरीकडे न्या.

विंडोजचं अपडेट झालं आणि लिनक्स गायब.

दोन प्रकार आहेत. पहिल्यात अपडेटने फक्त क्रम बदललेला असतो. बायोसमध्ये 'उबुंटू' पुन्हा वर सरकवा, झालं.

दुसऱ्यात 'व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड' अशी ओळ दाखवून मशीन बंद पडतं. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर हे पुष्कळ ठिकाणी झालं. सिक्युअर बूट म्हणजे मान्य असलेलीच सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय. तिच्या नियमांत जुने, कच्चे बूटलोडर (सिस्टीमची सुरुवात करून देणारे प्रोग्रॅम) नाकारायची यादी वाढवली गेली आणि त्यात चालू लिनक्सही अडकले. उपाय असा : बायोसमधून सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, लिनक्समध्ये जा, 'सुडो मॉकयूटिल, डॅश डॅश सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट' द्या, लिनक्स एकदा पुन्हा चालू करा, सगळी अपडेटं घ्या आणि मग सिक्युअर बूट परत चालू करा. मात्र बायोसमध्ये हात घालायच्या आधी पुढचा प्रश्न वाचा.

बायोसमध्ये काहीतरी बदललं आणि आता निळा पडदा ४८ आकडी की मागतोय.

हा बिटलॉकर. नवीन लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की डिस्कला आपोआप कुलूप लागलेलं असू शकतं, आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. सिक्युअर बूट बंद करणं किंवा बूटचा क्रम बदलणं ही त्याच्या दृष्टीने चोरीची चाहूल असते, म्हणून तो की मागतो. ती की लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात लॉगिन करा, डिव्हाइसच्या यादीत रिकव्हरी की सापडेल.

खरी अडचण पुढेच आहे. खातं कुणाचं? गेल्या वर्षी एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. खातं उघडलं होतं मामेभावाने, त्याच्या जुन्या नंबरवर, आणि तो नंबर बंद. तिने काउंटरवरूनच इचलकरंजीला फोन लावला. मामी, मग मामा, मग भाऊ, असा तो फोन घरभर फिरला. पाऊण तासाने भावाला जुना ईमेल आठवला आणि की मिळाली. मिळाली नसती तर मी, किंवा आणखी कुणीही, काही करू शकलो नसतो. बिटलॉकरला मागचं दार नाही. म्हणून दुसरी सिस्टीम टाकायच्या आधी ती की कागदावर लिहून घ्या. लॅपटॉपमध्येच फाइल करून ठेवू नका. हसू नका, लोक ठेवतात.

लिनक्सच्या इन्स्टॉलरला लॅपटॉपची डिस्कच दिसत नाही. फक्त पेनड्राइव्ह दिसतो.

इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी 'आरएसटी' किंवा 'व्हीएमडी' नावाच्या पद्धतीने जोडलेली असते. ही सेटिंग बदलून साधी 'एएचसीआय' केली की डिस्क दिसते. पण नुसती बदलली तर विंडोज 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून निळं होतं आणि लोक पुन्हा फॉरमॅटकडे धावतात. क्रम पाळला तर काही होत नाही. आधी बिटलॉकर थांबवा. मग विंडोजमध्ये 'एमएसकॉन्फिग' उघडून बूट टॅबमध्ये 'सेफ बूट'वर टिक करा. रीस्टार्ट करताना बायोसमध्ये जाऊन सेटिंग बदला. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि नव्या पद्धतीचा ड्रायव्हर उचलेल. मग ती टिक काढा आणि पुन्हा रीस्टार्ट करा. सेफ मोडमध्ये चार आकडी पिन चालेलच असं नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड आठवत असू द्या.

विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास मागे पडतं. बॅटरी बदलली तरी तेच.

बॅटरीचे पैसे वाया गेले. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात आपली भारतीय वेळ ठेवतं. लिनक्स तिथं जागतिक वेळ ठेवतं आणि दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवतं. एकाने लिहिलेलं दुसरा आपल्या पद्धतीने वाचतो. माझ्या ओळखीच्या एका दवाखान्यात हे आठवडाभर चाललं होतं : रात्री आठला फाडलेलं बिल दुपारी अडीचचं. पेशंटला काही वाटलं नाही, हिशेब बघणाऱ्याचं मात्र डोकं फिरलं. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' एवढं द्या, मग विंडोजमध्ये जाऊन वेळ एकदा दुरुस्त करा.

लिनक्समधून डी ड्राइव्ह उघडतो, पण त्यात काही सेव्ह होत नाही.

विंडोज बंद झालंय असं तुम्हाला वाटतं, पण ते अर्धवट झोपलेलं असतं. फास्ट स्टार्टअप हा प्रकार विंडोज ८ पासून आला. 'शट डाउन' केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर लिहून ठेवला जातो, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उघडावं. लिनक्सला ते कळतं आणि गोंधळ नको म्हणून तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतो. गंमत अशी, की 'रीस्टार्ट' केलं तर विंडोज पूर्ण बंद होतं, 'शट डाउन' केलं तर नाही. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्सखाली पॉवर बटणांच्या सेटिंगमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची टिक कायमची काढा. ड्राइव्ह जबरदस्तीने उघडायच्या कमांडच्या नादाला लागू नका, त्यात फाइली जातात.

मित्राच्या लॅपटॉपवर बसून माझ्या पेनड्राइव्हवर उबुंटू टाकलं. आता मित्राचा लॅपटॉप माझ्या पेनड्राइव्हशिवाय चालूच होत नाही!

हा माझा आवडता प्रश्न. दोन पोरं दुकानात येतात, एकाच्या हातात लॅपटॉप, दुसऱ्याच्या हातात पेनड्राइव्ह, आणि दोघं एकमेकांशी बोलत नसतात. मागच्या पावसाळ्यात आलेल्या जोडीत तर लॅपटॉपवाल्याने पेनड्राइव्ह जप्त करून त्याला सुतळी बांधून लॅपटॉपलाच अडकवला होता. "सोडलं तर ह्यो घेऊन जातोय, मग माझं सबमिशन कशात करू?" म्हणाला.

झालं असं : उबुंटूच्या इन्स्टॉलरला तुम्ही सगळं पेनड्राइव्हवर टाकायला सांगितलं. त्याने सिस्टीम तिथं टाकलीही. पण सुरुवात करून देणारा बूटलोडर त्याने लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनमध्ये ठेवला. इन्स्टॉल करताना बूटलोडरची जागा म्हणून पेनड्राइव्ह निवडला तरी हे होतं, ही जुनी खोड आहे. आता लॅपटॉप चालू झाला की आधी तो बूटलोडर उठतो आणि बाकीचं सामान पेनड्राइव्हवर शोधतो. पेनड्राइव्ह नसला की काळा पडदा. आणि तो पेनड्राइव्ह तिसऱ्याच मशीनला लावला तर तिथंही चालत नाही, कारण त्याच्यावर बूटलोडरच नाही. म्हणजे दोघंही अडकले.

मित्राचा लॅपटॉप सोडवणं सोपं आहे : बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर वर घ्या. पेनड्राइव्ह स्वतंत्र करायला थोडं जास्त काम आहे. त्याच लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरचं उबुंटू चालू करा. पेनड्राइव्हवर फॅट३२ मधलं दोन-तीनशे एमबीचं ईएफआय पार्टिशन असायला हवं. नसेल तर थोडी जागा काढून करा. ते बूट, ईएफआय या जागी माउंट करा, म्हणजे जोडा (तिथं आतल्या डिस्कचं पार्टिशन माउंट असेल, ते आधी काढा) आणि 'ग्रब-इन्स्टॉल' चालवताना 'डॅश डॅश रिमूव्हेबल' हा शब्द जोडा. त्या शब्दाने बूटलोडर 'ईएफआय, बूट' या फोल्डरात 'बूटएक्स६४' नावाने बसतो. कुठल्याही नव्या मशीनला पेनड्राइव्हची ओळख नसते, तेव्हा ते हीच फाइल शोधतं. शेवटी एफएसटॅब फाइलमध्येही (चालू होताना कुठलं पार्टिशन कुठं जोडायचं ते तिच्यात लिहिलेलं असतं) नव्या ईएफआय पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक घाला. तिथं आतल्या डिस्कचा यूयूआयडी राहिला तर दुसऱ्या मशीनवर पेनड्राइव्ह अडखळतो.

पुढच्या वेळी इन्स्टॉल करण्याआधी आतली डिस्क बायोसमधून बंद करा. डेस्कटॉप असेल तर सरळ केबल काढा. डिस्क दिसलीच नाही तर इन्स्टॉलर तिथं काही ठेवणार कसा?

त्या दोघांचं काम वीस मिनिटांत झालं. सुतळी माझ्याकडे राहिली आहे.

लाइव्ह, पर्सिस्टन्स आणि पूर्ण इन्स्टॉल यांत फरक काय?

लाइव्ह म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच सिस्टीम चालवणं. असा पेनड्राइव्ह बंद केला की केलेलं सगळं विसरतो. पर्सिस्टन्समध्ये बदल साठवायला वेगळी जागा दिलेली असते. फॅट३२ पेनड्राइव्हवर ती फाइल ४ जीबीपेक्षा मोठी करता येत नाही. शिवाय मूळ सिस्टीम जुनीच राहते आणि अपडेटं तिच्यावर साठत जातात, त्यामुळे काही महिन्यांत जागा संपते. दोन-चार दिवसांच्या कामाला पर्सिस्टन्स ठीक. वर्षभर वापरायचं असेल तर पूर्ण इन्स्टॉलच करा.

पेनड्राइव्हवरची सिस्टीम इतकी रडत का चालते?

पेनड्राइव्ह मोठी एक फाइल पटकन कॉपी करतो म्हणून चांगला वाटतो. सिस्टीमला मात्र हजारो बारीक फाइली सतत लिहायच्या-वाचायच्या असतात, आणि तिथं साधा पेनड्राइव्ह गुडघे टेकतो. काळ्या यूएसबी २ पोर्टला लावला असेल तर निळ्या यूएसबी ३ ला लावा, पण खरा उपाय जुन्या लॅपटॉपमधून निघालेली एसएसडी यूएसबी केसिंगमध्ये घालणं हाच. दुकानांत अशा एसएसडी धूळ खात पडलेल्या असतात.

'२ टीबी'चा पेनड्राइव्ह काहीशे रुपयांत मिळाला असेल तर आनंद मानू नका. आतली चिप त्यापेक्षा कितीतरी लहान असते, आकडा खोटा सांगायला शिकवलेली असते. भरत गेलं की जुन्या फाइलींवरच लिहिते. विंडोजमध्ये 'एच२टेस्टडब्ल्यू', लिनक्समध्ये 'एफ३' चालवून खरी जागा मोजा.

विंडोजच पेनड्राइव्हवर टाकून खिशात घेऊन फिरता येतं का?

विंडोजचा नेहमीचा इन्स्टॉलर यूएसबी डिस्कवर बसायला नकार देतो. 'विंडोज टू गो' ही सोय विंडोज ८ एंटरप्राइझमध्ये आली होती. २०२० मध्ये आलेल्या विंडोज १० च्या '२००४' नावाच्या आवृत्तीपासून (हे साल नव्हे) मायक्रोसॉफ्टने ती काढली. रूफस हे बूट होणारे पेनड्राइव्ह बनवणारं सॉफ्टवेअर वापरून अजून करता येतं, पण साध्या पेनड्राइव्हवर करू नका, एसएसडीवरच करा. आणि रूफस विचारतो तेव्हा आतल्या डिस्क दिसू न देण्याचा पर्याय निवडा. नाहीतर तुमचं विंडोज कॅफेतल्या मशीनची डिस्क तपासायला बसेल.

व्हेंटॉयवरून बूट केलं की 'सिक्युरिटी व्हायोलेशन' येतं.

घाबरू नका. (व्हेंटॉय म्हणजे एकाच पेनड्राइव्हवर अनेक सिस्टीमच्या फाइली ठेवून हवी ती सुरू करून देणारं सॉफ्टवेअर.) ओके करा, पुढच्या निळ्या पडद्यावर 'एन्रोल की फ्रॉम डिस्क' निवडा, व्हेंटॉयच्या छोट्या पार्टिशनमधली की दाखवा, रीबूट करा. प्रत्येक नव्या मशीनवर हे एकदा करावं लागतं. मशीन दुसऱ्याचं असेल तर विचारून करा.

माझ्या मशीनवर चालणारी पोर्टेबल सिस्टीम दुसरीकडे काळा पडदा दाखवते.

पोर्टेबल सिस्टीममध्ये एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा खास ड्रायव्हर टाकला असेल तर तो बहुधा दोषी. ग्रबच्या मेनूवर 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहा आणि एफ१० दाबा. फिरत्या सिस्टीमवर असे एका मशीनपुरते ड्रायव्हर टाकूच नयेत.

चालू होताना बरोबर दीड मिनिट थांबून मग पुढे सरकत असेल, किंवा 'इमर्जन्सी मोड' म्हणत असेल, तर एफएसटॅब फाइलमध्ये घरच्या मशीनच्या डिस्कची ओळ राहिली आहे. तिथं 'नोफेल' जोडा. वायफाय मिळत नसेल तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, इंटरनेट मिळतं. हे निम्म्या लोकांना माहीत नसतं.

आमच्याकडे लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं डीटीपी जुन्या विंडोज ७ वरच चालतं. नव्या मशीनवर सात आणि अकरा दोन्ही बसतील का?

नव्या मशीनवर विंडोज ७ ला यूएसबी ३ आणि एनव्हीएमई डिस्कचे ड्रायव्हरच नसतात, माउसपासून भांडण सुरू होतं. त्यात १४ जानेवारी २०२० ला त्याचा सपोर्ट संपला. माझं मत स्पष्ट आहे : इथं डबल बूट नकोच. विंडोज ११ मध्ये व्हर्च्युअलबॉक्स (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, त्यात सात चालवा, सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे पेनड्राइव्हसारखी लायसन्सची किल्ली, यूएसबी म्हणून आत द्या आणि आतल्या सातचं इंटरनेट बंद ठेवा. लक्ष्मीपुरीतल्या एका प्रेसमध्ये असं चालवतोय, लगीनसराईतसुद्धा अडलं नाही. एखादा डोंगल मात्र आत जायला खरंच नाखूश असतो. मग जुनं मशीनच जपा.

इंजिनिअरिंगच्या पोरांनाही हेच सांगतो. फक्त सी आणि पायथनचे प्रोग्रॅम करायचे असतील तर विंडोजमधलं डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आतच चालणारं लिनक्स, पुरतं. डिस्क फाडायची गरज नाही.

बॅकअप घेतलाच पाहिजे का?

घेतलाच पाहिजे, आणि आधीच. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. आपण ३५ लाच फ्रिज माळ्यावर चढवायच्या गोष्टी करतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर दुकानात चिखलाने भरलेल्या डिस्क पोत्यातून आल्या होत्या, त्यातल्या किती वाचल्या हे विचारू नका. पार्टिशन लहान-मोठं करताना लाइट गेली तर तेच होतं, फक्त चिखल नसतो. लॅपटॉपची बॅटरी चांगली असू द्या, डेस्कटॉपला यूपीएस लावा आणि जून ते सप्टेंबर संध्याकाळी पार्टिशनला हात लावू नका.

दुकानात येताना काय आणायचं?

चार्जर, मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल आणि पासवर्ड, आणि ज्या पेनड्राइव्हने हे सगळं केलं तो पेनड्राइव्ह. पडद्यावर काय आलं होतं त्याचा मोबाइलवर फोटो. "काहीतरी इंग्रजीत आलं होतं" यावरून मला काही कळत नाही.